तीन आठवड्यांवर परीक्षा आणि डोळ्यांवर झोप

परीक्षा म्हटली की पूर्वी फेब्रुवारी-मार्च महिना आठवायचा. दहावी-बारावी झाली, पदवी हातात आली की परीक्षेचा आणि आपला संबंध संपला, अशी समजूत होती. आता तसे राहिलेले नाही. ब्राह्मणपुरी, शहादा या आपल्या भागातली कितीतरी मुले-मुली आज पुणे, नाशिक, सुरत, बंगळूर येथे संगणकाच्या कंपन्यांत नोकरीला आहेत. ऊस, केळी, पपई पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा कुठल्यातरी बँकेच्या संगणकांची राखण करतो, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण या नोकरीत परीक्षा पाठ सोडत नाही. साहेब एके दिवशी सांगतात, "महिनाअखेर सुरक्षेची सर्टिफिकेट परीक्षा पास हो, तरच नव्या कामावर घेता येईल." हातात उरतात तीन आठवडे. मग रात्रंदिवस जागरण सुरू होते आणि काही दिवसांत मंडळी माझ्यासारख्या डॉक्टरच्या दारात येतात.

गेल्या काही वर्षांत असे रुग्ण मी बरेच पाहिले. त्यांपैकी एक सव्वीस वर्षांचा तरुण. घरूनच कंपनीचे काम करत होता. वडील त्याला घेऊन आले ते रागावूनच. "डॉक्टरसाहेब, पोऱ्या रातभर जागस, खावानं नाव लेत नही," एवढेच म्हणाले आणि बाकावर बसले. मुलाची छाती धडधडत होती, मान आखडली होती, डोळे लाल होते. नाडी मिनिटाला १०४. चार रात्री मिळून जेमतेम बारा तास झोप. ईसीजी काढला, तो अगदी नॉर्मल. मुलगा हळूच म्हणाला, "डॉक्टरकाका, झोप न येण्याची एखादी गोळी द्या. ही परीक्षा गेली तर काम जाईल. घराचं कर्ज माझ्याच पगारावर फिटतं आहे."

त्याचे भय खोटे नव्हते. पण त्याने मागितलेले औषध चुकीचे होते. ते का, हे त्याला जे सांगितले तेच आज वाचकांना सांगतो. परीक्षा संगणक सुरक्षेची असो, बँकेची असो वा तलाठ्याची, शरीराचे नियम सर्वांना सारखेच.

ही परीक्षा असते तरी कशी?

रोग ठाऊक नसताना उपचार करू नये, म्हणून आधी परीक्षा समजून घेऊ. या क्षेत्रात सुरुवातीची म्हणून ओळखली जाणारी परीक्षा म्हणजे कॉम्पटिया या संस्थेची 'सिक्युरिटी प्लस'. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या तिच्या आवृत्तीत ९० मिनिटांत जास्तीत जास्त ९० प्रश्न असतात. गुण १०० ते ९०० या पट्टीवर मोजतात आणि पास होण्यास ७५० लागतात. काही प्रश्न पर्याय निवडण्याचे, तर काहींत पडद्यावर प्रत्यक्ष काम करून दाखवायचे असते. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी एक मिनिट. नुसते पाठांतर तेथे पुरत नाही, डोके ताजे लागते.

या लोकांच्या कामाला एवढे महत्त्व का, असे वडीलधारी मंडळी विचारतात. त्यांना मी पुण्याच्या कॉसमॉस बँकेची आठवण देतो. ऑगस्ट २०१८ मध्ये चोरांनी या बँकेच्या संगणकयंत्रणेत शिरून सुमारे ९४ कोटी रुपये लांबवले. ना कुलूप तोडले, ना बंदूक दाखवली. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या संगणक-विषाणूने इंग्लंडची सरकारी रुग्णालये अडवून धरली आणि रुग्णांच्या हजारो भेटी रद्द कराव्या लागल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे संगणक अशाच हल्ल्याने बंद पडले आणि कित्येक दिवस काम कागदावर चालले. तेव्हा ही राखण करणारा मुलगा झोपाळू डोळ्यांनी काम करणारा नसावा, हे आपल्या सर्वांच्याच हिताचे आहे.

झोप म्हणजे वाया गेलेला वेळ नव्हे

सर्वात मोठा गैरसमज हा, की झोपेतून काढलेला तास अभ्यासाला मिळतो. प्रत्यक्षात तो अभ्यासातूनच वजा होतो. दिवसा वाचलेले मेंदूत आधी कच्चे नोंदले जाते. त्याची पक्की नोंद होण्याचे बरेचसे काम झोपेत चालते. किराणा दुकानदार दिवसभर कच्च्या वहीत टिपतो आणि रात्री खतावणी करतो, तसेच हे आहे. खतावणीच केली नाही तर दिवाळीला हिशेब कसा लागणार?

ही गोष्ट आजची नाही. जेंकिन्स आणि डॅलनबाख या दोघा अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९२४ साली विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरे पाठ करायला दिली. पाठांतरानंतर जे झोपले त्यांच्या लक्षात, जागे राहिलेल्या वेळेपेक्षा, कितीतरी अधिक राहिले. पुढे शंभर वर्षांत हे पुनःपुन्हा दिसून आले.

झोपेची सुमारे दीड-दीड तासाची आवर्तने असतात. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त, तर स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त. दोन्ही स्मरणाला उपयोगी आहेत. म्हणून "मी चारच तास झोपतो, पण गाढ झोपतो" हा युक्तिवाद फसवा आहे. प्रौढ माणसाला सात तास तरी झोप हवी.

आणखी एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. १९९७ साली ऑस्ट्रेलियात डॉसन आणि रीड यांनी दाखवले, की सलग १७ तास जागलेल्या माणसाची हातचलाखी आणि लक्ष हे रक्तात शंभर मिलीलिटरला ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतके उतरते. आपल्या देशात ३० मिलिग्रॅमच्या वर गेले की गाडी चालवणे गुन्हा ठरतो. म्हणजे पहाटे पाचला उठून रात्री दहानंतरही वाचत बसणारा विद्यार्थी जवळजवळ झिंगलेल्या डोक्यानेच वाचत असतो. पुस्तकाची पाने उलटतात, पण आत काही उतरत नाही.

त्या तरुणाला मी पहिले औषध लिहून दिले ते हेच : रात्री साडेदहाला अंथरुणावर, पहाटे साडेपाचला उठणे. त्याला ते पटले नाही. वडिलांना मात्र लगेच पटले!

ऐंशी तासांचा हिशेब

नोकरी सांभाळून दिवसाला चार तास मिळाले तरी वीस दिवसांत ऐंशी तास होतात. एकविसावा दिवस परीक्षेचा. ऐंशी तास हे थोडे नाहीत, पण ते नीट वाटले पाहिजेत. या परीक्षेच्या अभ्यासक्रमाचे पाच भाग आहेत आणि प्रत्येकाला किती महत्त्व, हे संस्थेनेच जाहीर केले आहे. त्यानुसार वाटणी अशी होते :

• दैनंदिन सुरक्षा-कामकाज, २८ टक्के : २२ तास
• धोके, उणिवा आणि त्यांवरचे उपाय, २२ टक्के : १८ तास
• व्यवस्थापन आणि देखरेख, २० टक्के : १६ तास
• यंत्रणेची रचना, १८ टक्के : १४ तास
• मूळ संकल्पना, १२ टक्के : १० तास

बहुतेक मुले पहिल्या पानापासून वाचायला लागतात आणि सर्वात कमी गुणांच्या भागावर सर्वात जास्त दिवस घालवतात. पहिल्याच दिवशी एक सराव-परीक्षा द्यावी. गुण कमी पडतील, पडू द्यावेत. ताप मोजल्याशिवाय औषधाची मात्रा ठरत नाही. ज्या भागात रोजच्या कामामुळे आधीच गती आहे, तेथले दोन-तीन तास काढून कच्च्या भागाला द्यावेत.

प्रत्येक भागातला निम्मा वेळ वाचनाला आणि निम्मा प्रश्न सोडवायला ठेवावा. पुन्हापुन्हा वाचल्याने विषय ओळखीचा वाटतो, पण ओळखीचा वाटणे आणि आठवणे यांत फरक आहे. बाजारात भेटलेल्या माणसाचा चेहरा ओळखीचा वाटतो, नाव मात्र ओठावर येत नाही, तसेच. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर प्रयोग करून दाखवले, की आठवडाभराने कोणाच्या जास्त लक्षात राहिले, तर पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा पुस्तक मिटून स्वतःची परीक्षा घेणाऱ्यांच्या. तेव्हा पान वाचून झाले की पुस्तक मिटावे आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहावे. जे आठवले नाही तेवढेच पुन्हा पाहावे.

दुसरी गोष्ट उजळणीची. हर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवले होते, की पाठ केलेले पहिल्या दिवसात झपाट्याने पुसले जाते आणि नंतर पुसण्याचा वेग मंदावतो. म्हणून आज वाचलेले उद्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने पाहावे. प्रत्येक वेळी दहा-पंधरा मिनिटे पुरतात. आपण पिकाला एकदम विहीर रिकामी करून पाणी देत नाही, पाळी धरून देतो. अभ्यासाचेही तसेच.

नवे ज्ञान जुन्या खुंटीला टांगावे

सुटे आकडे लक्षात ठेवणे सर्वात जड. या परीक्षेत संगणकाच्या दारांचे, म्हणजे 'पोर्ट'चे, क्रमांक लागतात : २२, ५३, ४४३, ३३८९ असे. एमबीबीएसला आम्हाला मेंदूतून निघणाऱ्या बारा नसा क्रमाने पाठ कराव्या लागत. कोणती नस कोणते काम करते, ते स्वतःच्या चेहऱ्यावर हात लावून पाहिले की क्रम आपोआप बसे. त्या तरुणाला मी विचारले, "तुझ्या रोजच्या कामात यांपैकी कोणते दार तू खरोखर उघडतोस?" त्याने सात-आठ सांगितले. ते त्याच्या पाठ नव्हते, हाताला ठाऊक होते. उरलेल्यांची चिठ्ठी करून रोज पाच घ्यायची, एवढेच काम राहिले.

विषय दुसऱ्याला सांगता आला म्हणजे समजला. मी त्याला म्हटले, मला समजाव. त्याने सांगितले, की माहितीच्या सुरक्षेचे तीन पाय आहेत : गुप्तता, अचूकता आणि उपलब्धता. मी म्हटले, हे तर माझ्या दवाखान्यातल्या केसपेपरासारखे झाले. रुग्णाचा आजार शेजाऱ्याला कळू नये, ही गुप्तता. कागदावरची औषधाची मात्रा कोणी खोडू नये, ही अचूकता. मध्यरात्री रुग्ण आला तर कागद लगेच सापडावा, ही उपलब्धता. एकामागे एक अनेक संरक्षणे ठेवायची, हे तत्त्वही शरीराला नवे नाही. आधी कातडी, मग नाकातला ओलावा आणि केस, जठरातले आम्ल, पुढे रक्तातल्या पांढऱ्या पेशी. एक तट पडला तरी दुसरा उभा असतो. घरात आजोबा, आई, धाकटी बहीण कोणीही चालेल. रोज दहा मिनिटे त्यांना एक मुद्दा साध्या मराठीत सांगावा.

चहा, गोळी आणि पुडी

चहा-कॉफीतले कॅफीन झोप आणणाऱ्या रसायनाची जागा अडवते. थकवा जात नाही, फक्त कळत नाही. पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मे शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाच्या चहातले निम्मे कॅफीन रात्री अकरालाही रक्तात असते. म्हणून दुपारी तीननंतर चहा बंद. डबाबंद 'एनर्जी' पेयांत कॅफीनबरोबर भरपूर साखर असते. त्यांनी छाती धडधडते आणि तासाभराने जास्तच मरगळ येते.

जागे राहण्याच्या गोळ्या मित्राकडून घेणारी मुले मला भेटली आहेत. ही औषधे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नसतात. त्यांनी रक्तदाब वाढतो, भूक मरते, चिडचिड होते आणि गेलेली झोप सहजी परत येत नाही. परीक्षेच्या दिवशी हात थरथरू नयेत म्हणून काहीजण हृदयाची गती कमी करणारी गोळी घेतात. दमा असलेल्याला ती जिवावर बेतू शकते. तंबाखूची पुडी दाढेत धरून जागणारेही आहेत. निकोटीन नाडी वाढवते, झोप उडवते आणि परीक्षा संपल्यावरही सवय सोडत नाही. मान-पाठ दुखते म्हणून उपाशीपोटी वेदनाशामक गोळ्या खाल्ल्या तर जठराला व्रण होऊ शकतो.

जेवण, पाणी, डोळे, मान

अभ्यासाच्या दिवसांत जड जेवण नको. ज्वारी-बाजरीची भाकरी, मुगाचे वरण, पालेभाजी, ताक, एखादे केळे किंवा पपई, मूठभर शेंगदाणे पुरेत. शेवभाजी आणि ठेचा आपल्या खानदेशी जिभेला प्रिय आहेत, पण रात्री दहाला खाल्ले तर बारापर्यंत जळजळ ठरलेली. ती मेजवानी निकालानंतर ठेवावी. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. शरीरात पाणी थोडे कमी पडले तरी डोके दुखते आणि लक्ष उडते. पाण्याचा तांब्या टेबलावरच ठेवावा.

पडद्याकडे एकटक पाहताना पापण्या नेहमीपेक्षा फार कमी वेळा मिटतात. त्यामुळे डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद पाहावे. अंगणातले झाड चालेल, मोबाइल चालणार नाही. लॅपटॉप पलंगावर मांडी घालून वापरू नये. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला येईल असा पाट किंवा पुस्तकांचा ढीग खाली ठेवावा. तासाभराने उठून पाच मिनिटे चालावे. संध्याकाळी अर्धा तास शेताच्या बांधावरून फिरून आले तर मान, मन आणि झोप तिन्हींना गुण येतो.

आपल्या जिल्ह्यासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेलचा आजार आढळतो. केवळ वाहक असलेल्यांना सहसा त्रास होत नाही. पण ज्यांना प्रत्यक्ष आजार आहे त्यांनी जागरण, कमी पाणी, थंडी आणि उपास हे चारही टाळलेच पाहिजेत, नाहीतर हाडे-सांधे असह्य दुखण्याचा झटका येऊ शकतो. तसेच मुलगी सतत थकत असेल, पायऱ्या चढताना धाप लागत असेल, तर तिला आळशी म्हणण्याआधी रक्तातले हिमोग्लोबिन तपासावे.

तारीख आणि केंद्र

शेवटच्या दोन दिवसांत नवे काही वाचू नये. परीक्षा घरून संगणकासमोर बसूनही देता येते. पण आपल्याकडे वीज आणि इंटरनेट यांचा भरवसा किती, हे मी सांगायला नको. शक्य तर केंद्रावर जाऊनच द्यावी. केंद्र मोठ्या शहरात असते, म्हणून आदल्या दिवशीच मुक्कामी पोचावे. रात्रभर एसटीत बसून सकाळी थेट परीक्षेला बसणे म्हणजे वीस दिवसांची मेहनत एका रात्रीत घालवणे. अर्जातले नाव ओळखपत्राशी अक्षरन् अक्षर जुळते का, हे आठवडाभर आधी पाहावे. सोपे प्रश्न आधी, अडलेले खूण करून नंतर. हात घामेजले तर श्वास चार मोजत आत घ्यावा, सहा मोजत सोडावा. असे दहा वेळा केले की नाडी उतरते.

बारा-तेरा दिवसांनंतरही सराव-परीक्षेत गुण फारच कमी पडत असतील, तर तारीख पुढे नेता येते का हे नियमांत पाहावे आणि साहेबांशी स्पष्ट बोलावे. त्या तरुणाने माझ्या सांगण्यावरून साहेबांना फोन केला. त्यांनी आठ दिवस वाढवून दिले. मागितले नसते तर मिळाले नसते. त्या आठ दिवसांत तो रोज सात तास झोपला आणि पास झाला. पण नसता झाला तरी ही परीक्षा पुन्हा देता येते. पुन्हा शुल्क भरावे लागते, ते कमी नाही, पण बिघडलेल्या तब्येतीपेक्षा स्वस्तच.

डॉक्टरकडे केव्हा यावे?

छातीत दाब येऊन दुखणे, चक्कर येऊन पडणे, काळी शौच होणे ही लक्षणे दिसली तर परीक्षा बाजूला ठेवून ताबडतोब दाखवावे. तीन-चार रात्री अजिबात झोप नाही, तरी माणूस उत्साहाने अखंड बोलतो आहे, हेही दुर्लक्ष करण्याजोगे नाही. आणि "पास झालो नाही तर जगून काय करू" असे शब्द कानी आले तर थट्टा समजू नये. त्याला एकटे सोडू नये, शांतपणे ऐकून घ्यावे, लगेच डॉक्टरांना भेटावे. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही बोलता येते, आपल्या मराठीतही.

घरच्यांना एवढीच विनंती, की दर तासाला "किती झाला अभ्यास?" असे विचारू नये. वेळेवर ताट वाढावे, दूरदर्शनचा आवाज कमी ठेवावा आणि रात्री साडेदहाला प्रेमाने दिवा मालवायला सांगावे. सर्टिफिकेट तीन वर्षांनी जुने होते, ते पुन्हा नवे करून घेता येते. शरीर मात्र एकच आहे आणि ते सत्तर-ऐंशी वर्षे पुरवायचे आहे.